डाकरस्त्यावरून दिसलेले खेडे : रादिश्चेव्ह आणि पुश्किन यांच्या प्रवासलेखनाचे चिकित्सक वाचन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला
• सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्को यांच्यामधल्या ग्रामीण प्रदेशाची भौगोलिक आणि ऐतिहासिक ओळख होईल;
• रादिश्चेव्हच्या 'पीटर्सबर्गहून मॉस्कोपर्यंतचा प्रवास' (१७९०) या ग्रंथाची रचना व आशय सांगता येईल;
• पुश्किनने त्याच रस्त्यावर उलट दिशेने लिहिलेल्या उत्तराशी त्याची तुलना करता येईल;
• प्रवासवर्णन हा इतिहासाचा पुरावा म्हणून वापरताना कोणते प्रश्न विचारावेत, हे समजेल.

१. प्रस्तावना

इ. स. १७९० च्या मे महिन्यात सेंट पीटर्सबर्गमध्ये एक निनावी पुस्तक विक्रीला आले. नाव अगदी साधे होते : 'पीटर्सबर्गहून मॉस्कोपर्यंतचा प्रवास'. लेखकाने ते स्वतःच्या घरच्या छापखान्यात छापले होते. प्रती सुमारे ६५० होत्या. छपाईला पोलिसांची परवानगी मिळाली होती. रस्त्यातल्या डाकचौक्यांची नावे प्रकरणांना दिलेले हे पुस्तक परवाना देणाऱ्याला निरुपद्रवी वाटले असावे.

महिनाभरात ते सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या हाती पडले. तिने ते समासात टिपणे करत वाचले आणि लेखक पुगाचोव्हपेक्षाही घातक बंडखोर आहे, असे मत दिले. पुगाचोव्हच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचा व कोसॅकांचा उठाव (१७७३–७५) तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांमागचा होता, म्हणून या तुलनेचे वजन लक्षात घ्यावे. जूनअखेर लेखक अलेक्सांद्र रादिश्चेव्ह याला अटक झाली. जुलैमध्ये त्याला देहदंडाची शिक्षा ठोठावण्यात आली. सप्टेंबरमध्ये ती बदलून सैबेरियातील इलिम्स्क येथे दहा वर्षांची हद्दपारी देण्यात आली. अटकेच्या आधीच त्याने उरलेल्या प्रती जाळून टाकल्या होत्या.

एका प्रदेशाच्या वर्णनासाठी माणसाला फाशी का सुनावली जावी? पुस्तकात राजकीय विवेचन भरपूर आहे आणि राजसत्तेवर थेट टीकाही आहे. तरीही आज दोन शतकांनंतर वाचकाच्या लक्षात राहतात ती दृश्ये : रविवारी नांगरणारा माणूस, काजळीने माखलेली खोली, लिलावात उभे केलेले कुटुंब. मग प्रश्न असा पडतो की, या दृश्यांवर किती विश्वास ठेवावा? बग्गीतून जाणाऱ्या माणसाला खेडे खरोखर किती दिसते?

या घटकातील प्रतिपादन थोडक्यात असे : रादिश्चेव्हने खेडे रस्त्यावरून पाहिले आणि त्याला उत्तर देणाऱ्या पुश्किननेही ते रस्त्यावरूनच पाहिले. म्हणून दोघांपैकी कोणाचे चित्र खरे, हे ठरवण्याआधी हा रस्ता कोणता होता आणि तो कोणाच्या श्रमावर चालत होता, हे समजून घ्यावे लागते. तसे वाचल्यास दोघांच्या मतभेदाइतकीच त्यांची एकवाक्यताही बोलकी ठरते.

२. प्रदेश आणि रस्ता

पीटर्सबर्गची स्थापना १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी दलदलीच्या जमिनीत झाली. आसपासची जमीन एवढ्या मोठ्या शहराला पोसू शकत नव्हती. धान्य, लाकूड, लोखंड, सगळे दूरवरून आणावे लागे. जुनी राजधानी मॉस्को सुमारे ७०० किलोमीटरवर होती. या दोन शहरांच्या मधला पट्टा हा आपला अभ्यासप्रदेश. आज तो मुख्यतः नोवगोरोद आणि त्वेर या दोन प्रांतांत येतो.

पीटर्सबर्गहून निघाल्यावर प्रथम सखल, पाणथळ मैदान लागते. वोल्खोव्ह नदी आणि इल्मेन सरोवराजवळ प्राचीन नोवगोरोद शहर आहे. पुढे वाल्दायचा उंचवटा सुरू होतो. त्याची उंची साडेतीनशे मीटरच्या आतच आहे. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ती टेकाडेच. पण जलविभाजक म्हणून या टेकड्यांचे महत्त्व फार मोठे आहे. कॅस्पियन समुद्राला मिळणारी व्होल्गा, बाल्टिकला जाणारी पश्चिम द्विना आणि काळ्या समुद्राकडे वळणारी नीपर या तिन्ही नद्या याच परिसरातून उगम पावतात. हिमयुगातील हिमनद्यांनी इथे गोटे, वाळू, चिकणमाती आणि असंख्य सरोवरे मागे ठेवली. जमीन आम्लधर्मी आणि कसहीन आहे. उन्हाळा आखूड. राय नावाचे थंड हवेतले धान्य, ओट आणि जवस ही इथली जुनी पिके. भरपूर शेणखताशिवाय इथे पीक येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे गुरे कमी, त्याची जमीन असून नसल्यासारखीच.

अशा प्रदेशात केवळ शेतीवर निभाव लागणे कठीण होते. लांबलचक हिवाळ्यात लोक गाडीवानी, लाकूडतोड, विणकाम, नावा ओढणे असे जोडधंदे करत. विश्नी वोलोचोक या गावाच्या नावातच 'वोलोक' हा शब्द आहे. एका नदीतून नाव बाहेर काढून, जमिनीवरून ओढत दुसऱ्या नदीत सोडण्याची जागा, असा त्याचा अर्थ. पीटर पहिल्याच्या काळात १७०३ ते १७०९ या वर्षांत इथे कालवा खोदून त्वेर्त्सा आणि त्स्ना या नद्या जोडल्या गेल्या. पुढे मिखाईल सेर्द्युकोव्हने पाण्याचे साठे आणि दरवाजे बांधून ही व्यवस्था चालती केली. व्होल्गाकाठचे धान्य त्यामुळे नेवापर्यंत पोहोचू लागले. राजधानीची भाकरी या गावातून जात होती, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

जलमार्गाच्या जोडीला डाकरस्ता होता. ठरावीक अंतरावर चौक्या असत. तिथे घोडे बदलत. प्रवाशाजवळ परवाना असे आणि त्याच्या हुद्द्याप्रमाणे त्याला किती घोडे मिळायचे ते ठरे. रस्त्याकाठच्या अनेक गावांचा गाडीवानी हाच पिढीजात पेशा होता. राजघराण्यासाठी नोवगोरोद, तोर्झोक, त्वेर अशा ठिकाणी खास प्रवासमहाल बांधलेले होते. म्हणजे रस्त्याकाठचे गाव हे प्रांतातले सरासरी गाव नव्हते. तिथे रोख पैसा खेळत होता, परकी माणसे येत होती, शासनाची नजर होती. रस्त्यापासून वीस-तीस किलोमीटर आत गेले की चित्र बदलत असे. हा मुद्दा विद्यार्थ्यांनी पुढील वाचनभर मनात ठेवावा.

मराठी वाचकाला या रस्त्यावरचे एक शहर वेगळ्या कारणाने ओळखीचे वाटेल. पंधराव्या शतकात चौल, जुन्नर आणि बीदर पाहून त्याविषयी लिहिणारा व्यापारी अफानासी निकितिन हा त्वेरचाच. त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा आहे. निकितिन परदेशी बाजारपेठ पाहायला दूर गेला. रादिश्चेव्हने स्वतःच्या देशातलाच रस्ता परक्या डोळ्यांनी पाहिला.

३. लेखक आणि ग्रंथाची घडण

रादिश्चेव्हचा जन्म १७४९ चा, जमीनदार घराण्यातला. सरकारने त्याला इतर तरुणांबरोबर लाइपझिग विद्यापीठात कायदा शिकायला पाठवले. १७७१ मध्ये परतल्यावर त्याने सरकारी नोकऱ्या केल्या आणि १७८० पासून तो पीटर्सबर्गच्या जकात कार्यालयात वरिष्ठ पदावर होता. पुस्तक छापले त्या वर्षी तो त्या कार्यालयाचा प्रमुख झाला. बंदरात उतरणारी साखर, कॉफी आणि इतर परदेशी माल रोज त्याच्या खात्याच्या नजरेखालून जात होता. पुढे एका दृश्यात याचा संबंध येईल.

हा ग्रंथ रोजनिशी नाही. तो १७८० च्या दशकात तुकड्या-तुकड्यांनी लिहिला गेला. 'स्वातंत्र्य' हे दीर्घ काव्य आणि लोमोनोसोव्हवरचे भाषण हे भाग आधी स्वतंत्रपणे लिहून नंतर प्रवासाच्या चौकटीत बसवलेले आहेत. चौकट इंग्रज लेखक लॉरेन्स स्टर्नच्या भावुक प्रवासकथेवरून सुचली. विचारांची धग मात्र रेनाल या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथातून आली, असे रादिश्चेव्हनेच चौकशीत सांगितले. रेनालच्या त्या ग्रंथाचा विषय होता पूर्वेकडील व पश्चिमेकडील 'इंडिया'मधला युरोपीय व्यापार, वसाहती आणि गुलामगिरी. भारताशी होणाऱ्या कंपन्यांच्या व्यापारावर टीका करणाऱ्या पुस्तकाचा रशियन खेड्याच्या चित्रणावर असा परिणाम व्हावा, ही साहित्येतिहासातली लक्षणीय घटना आहे.

सोफियापासून चोर्नाया ग्र्याझपर्यंत २४ चौक्यांची २४ प्रकरणे, आधी प्रस्थान आणि शेवटी लोमोनोसोव्हवरील भाषण, अशी मांडणी आहे. चौकीवर घोडे बदलेपर्यंत प्रवासी थांबतो. तेवढ्यात कोणी भेटते, एखादा कागद सापडतो, एखादी हकीकत कानावर येते. पहिल्याच चौकीवर अधिकारी झोपमोड झाल्याने घोडे नाहीत असे सांगतो आणि तबेल्यात मात्र वीसेक घोडे उभे असतात. शेवटी गाडीवानांच्या हातावर चार पैसे पडल्यावर गाडी हलते. राज्यकारभार म्हणजे काय, ते इथे कोणत्याही सिद्धांताशिवाय कळते.

४. तीन दृश्ये

(अ) ल्युबानी : रविवारची नांगरणी

रस्ता लाकडी ओंडक्यांचा होता. धक्क्यांनी अंग खिळखिळे झाले म्हणून प्रवासी बग्गीतून उतरून चालू लागतो. शेतात एक शेतकरी मन लावून नांगरताना दिसतो. दिवस रविवारचा, तोही कडक उन्हाचा. चौकशी केल्यावर कळते की आठवड्याचे सहा दिवस मालकाच्या जमिनीवर वेठ आहे. स्वतःच्या पोटासाठी रविवार आणि रात्री एवढाच वेळ उरतो. एक घोडा थकला की तो दुसरा जुंपतो. स्वतः मात्र थांबत नाही. मालकाचे कामही इतक्याच निगुतीने करतोस का, असे विचारल्यावर तो हिशेब सांगतो : मालकाकडे एका तोंडासाठी शंभर हात आहेत, आपल्याकडे सात तोंडांसाठी दोनच.

या दृश्याची ताकद त्या हिशेबात आहे. शेतकरी रडत नाही, दयाही मागत नाही. तो अंकगणित मांडतो. संभाषणानंतर प्रवाशाला बग्गीत बसलेला आपलाच नोकर आठवतो, त्याला आपण मारले होते हे आठवते आणि त्याला लाज वाटते. टीकेचा रोख परक्या जमीनदारावरून वळून स्वतःवर येतो.

ऐतिहासिक दृष्टीने पाहता सहा दिवसांची वेठ ही टोकाची स्थिती होती. कसहीन जमिनीच्या उत्तर प्रांतांत अनेक जमीनदार वेठीऐवजी रोख खंड घेणे पसंत करत, कारण शेतीपेक्षा शेतकऱ्याच्या जोडधंद्यातून जास्त मिळे. म्हणून ल्युबानीचा शेतकरी हा सरासरीचा नमुना मानू नये. पण तो अशक्यही नव्हता. १७९७ मध्ये सम्राट पॉलने जाहीरनामा काढून रविवारी वेठ घेण्यास मनाई केली आणि आठवड्यात तीन दिवस मालकाचे, तीन दिवस शेतकऱ्याचे, अशी विभागणी सांगितली. तीन दिवसांची मर्यादा सांगावी लागली, यावरूनच ती ओलांडली जात होती हे उघड होते.

(आ) विश्नी वोलोचोक आणि पेश्की : साखरेचा माग

कालव्यातून धान्याच्या नावांची रांग जाताना पाहून प्रवाशाला प्रथम आनंद होतो. मग त्याच्या मनात प्रश्न येतो की, हे धान्य पिकवले कोणी? इथून त्याचा विचार अमेरिकेतल्या मळ्यांकडे जातो. पेल्यातली कॉफी आणि तिच्यात विरघळलेली साखर गुलामांच्या श्रमातून येते. लगेच तो एका रशियन जमीनदाराची हकीकत सांगतो. त्याने शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या, त्यांना स्वतःसाठी एकही दिवस ठेवला नाही, माणसांना औतासारखे राबवले आणि तो आदर्श शेतीतज्ज्ञ म्हणून नावाजला गेला.

पुढे मॉस्कोजवळच्या पेश्की चौकीवर हाच धागा पुन्हा हाती येतो. प्रवासी झोपडीत बसून कॉफी घेतो. घरातल्या बाईचे मूल त्या श्रीमंती खाऊतली थोडी साखर मागते. बोलता बोलता बाई आपल्या भाकरीचे पीठ दाखवते : तीन भाग भूस आणि एक भाग न चाळलेले पीठ. मग प्रवासी ती खोली पहिल्यांदाच नीट पाहतो. निम्म्या भिंती आणि सगळे छत काजळीने काळे झालेले. जमिनीला भेगा, वर चिखलाचा थर. चुलीला धुराडे नाही, त्यामुळे धूर घरभर कोंडतो. खिडकीला काचेऐवजी जनावराच्या मूत्राशयाचा ताणलेला पडदा. कुऱ्हाडीने तासलेले टेबल, दोन-तीन मडकी, झाडाच्या सालीची पादत्राणे.

हा उतारा यादीसारखा आहे आणि यादी असल्यामुळेच तो परिणाम करतो. जकात अधिकाऱ्याला मालाची यादी करण्याची सवय असते. इथे तो दारिद्र्याची मालमत्ता नोंदवतो. बंदरातली साखर, मळ्यातला गुलाम, कालव्यातले धान्य आणि झोपडीतली भुशाची भाकरी यांना एका साखळीत पाहणे, ही या ग्रंथाची सर्वांत मोलाची कामगिरी म्हणता येईल. भूगोलाच्या भाषेत सांगायचे तर त्याने स्थळाचे वर्णन सोडून स्थळांमधला संबंध दाखवला.

(इ) मेद्नोये : लिलाव

कर्जबाजारी जमीनदाराचे घर आणि त्याबरोबर सहा माणसे लिलावात निघतात. त्यांत जखमी धन्याला खांद्यावरून रणांगणाबाहेर आणणारा पंचाहत्तरीचा म्हातारा आहे आणि धाकट्या धन्याला अंगावर पाजलेली विधवा दाई आहे. प्रत्येकाची ओळख त्याने मालकासाठी काय केले, यावरून करून दिली जाते आणि शेवटी किंमत लावली जाते. सेवेची नोंद आणि बाजारभाव शेजारी ठेवल्यावर वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. दुर्दैवाने रादिश्चेव्ह तरीही भाष्य करतो. ते लांबते आणि दृश्याचा भर ओसरतो.

५. जे दिसत नाही

इथेच ग्रंथाच्या मर्यादांचा विचार करावा. पहिली मर्यादा भाषेची. रादिश्चेव्हची रशियन जड, जुन्या धर्मग्रंथांच्या वळणाची आहे. वाचकाने अडखळावे, हा त्याचा हेतू असेलही. पण अनेक पाने उपदेशाच्या ओझ्याखाली वाकली आहेत.

दुसरी मर्यादा पात्रांची. येद्रोव्हो प्रकरणातली आन्यूता ही शेतकरी मुलगी प्रवाशाने देऊ केलेले पैसे नाकारते. ती स्वाभिमानी आहे, निर्मळ आहे. पण ती माणूस कमी आणि शहरी नैतिकतेला दाखवलेला आरसा अधिक वाटते. ल्युबानीच्या शेतकऱ्याला हिशेब आहे, कष्ट आहेत, थोडी मिश्किलीही आहे. आन्यूताच्या तोंडी मात्र बऱ्याचदा लेखकच बोलतो.

तिसरी मर्यादा भूदृश्याची. वाल्दायच्या टेकड्या, जंगले, सरोवरे यांना पुस्तकात फारसे स्थान नाही. वाल्दायचे सरोवर येते ते एका साधूच्या दंतकथेपुरते. जमीन कसहीन का, खत कुठून येते, हिवाळ्यात लोक काय करतात, गावकी आपसात जमीन कशी वाटून घेते, हे प्रवासी विचारत नाही. त्याचे सगळे लक्ष मालक आणि भूदास या एका नात्यावर आहे. ते नाते मुख्य होते, यात शंका नाही; पण निसर्ग वगळल्यामुळे दारिद्र्याचे एकच कारण उरते. न्याय दिला की भूक मिटेल, असा समज त्यातून होऊ शकतो. १८६१ मध्ये भूदासपद्धती कायद्याने संपली, तरी या प्रदेशातली गरिबी संपली नाही, हे पुढच्या इतिहासाने दाखवून दिले.

या सर्व मर्यादांचे मूळ एकच आहे. प्रवासी चौकीवर थांबतो तेवढाच वेळ त्याच्याकडे असतो. तो पीक पेरताना पाहतो, कापताना नाही. ग्रंथाचा सर्वांत जिवंत भाग कोणता? जिथे तो बग्गीतून उतरतो किंवा झोपडीच्या आत बसतो, तो.

६. उलट दिशेचा प्रवासी : पुश्किन

रादिश्चेव्हला १७९६ नंतर सैबेरियातून परतता आले. १८०१ मध्ये पूर्ण माफी मिळून तो कायदे आयोगावर गेला. १८०२ मध्ये विष घेऊन त्याचा मृत्यू झाला. पुस्तकावरची बंदी मात्र कायम राहिली. पुश्किनने त्याची एक प्रत २०० रूबल देऊन मिळवली होती. ती पूर्वी गुप्त पोलिसांच्या ताब्यातली होती आणि तिच्यात लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या.

१८३३ ते १८३५ या काळात पुश्किनने एक निबंधमाला लिहिली. ती आज 'मॉस्कोहून पीटर्सबर्गपर्यंतचा प्रवास' या नावाने ओळखली जाते. त्याच्या हयातीत ती छापली गेली नाही. तिचा निवेदक काल्पनिक आहे : पंधरा वर्षांहून अधिक काळ पीटर्सबर्गला न गेलेला मॉस्कोकर. नवा पक्का रस्ता पूर्ण झाल्याचे ऐकून तो जलद प्रवासी गाडीचे तिकीट काढतो. वाटेत वाचायला त्याला मुद्दाम कंटाळवाणे पुस्तक हवे असते आणि मित्र त्याला रादिश्चेव्ह देतो. तो शेवटच्या प्रकरणापासून उलटे वाचू लागतो.

वरवर पाहता निवेदक रादिश्चेव्हचा विरोधक आहे. पेश्कीच्या झोपडीचे चित्र अतिरंजित आहे, असे तो म्हणतो. घरात क्वास हे आंबवलेले पेय आहे, स्नानगृहाचा उल्लेख आहे, ही सुस्थितीची खूण नव्हे का? भुकेची तक्रार करणारी बाई शेवटी भाकऱ्या भट्टीत घालते, ही विसंगतीही तो नेमकी पकडते. चाणाक्ष वाचनाचा हा नमुना आहे. मात्र त्या पिठात किती भूस होते, या मुद्द्याला तो हात घालत नाही. इंग्लंडमधल्या कामगारापेक्षा रशियन शेतकरी बरा, असा युक्तिवादही येतो. चांगल्या मालकाच्या हाताखालचा रशियन शेतकरी जगात सर्वांत सुखी, अशा अर्थाचे टिपण कॅथरीननेही केले होते. दुसऱ्या देशातल्या दुःखाचे माप लावून आपल्याकडचे दुःख लहान करण्याची ही रीत जुनी आहे आणि आजही चलनात आहे.

पण पुश्किन अधिक बारकाईने वाचला पाहिजे. रशियन घर सतराव्या शतकातल्या परदेशी चित्रांत जसे दिसते तसेच आजही आहे, असे सांगून तो सुधारणा नोंदवतो : घरोघरी धुराडे आले, पडद्याऐवजी काच आली. मात्र त्याआधी तो एक छोटी पुस्ती जोडतो : निदान मोठ्या रस्त्यांवर तरी. या एका पुस्तीत संपूर्ण वादाची किल्ली आहे. आपण जे पाहतो आहोत ते रस्त्याकाठचे आहे, आतल्या गावांबद्दल आपल्याला हमी देता येत नाही, हे पुश्किनला ठाऊक आहे.

त्यानंतर तीन ठिकाणी विरोधकच साक्षीदार होतो. मेद्नोयेच्या लिलावाबद्दल तो म्हणतो की हे चित्र भयंकर आहे, कारण ते संभवनीय आहे. विश्नी वोलोचोकच्या जमीनदाराची हकीकत वाचून त्याला स्वतःच्या ओळखीचा तसाच एक जमीनदार आठवतो. त्याला त्याच्याच शेतकऱ्यांनी आगीच्या गोंधळात ठार केले होते. तिसरी जागा रस्त्याची. राणीचा प्रवास व्हायचा म्हणून रस्त्यावर माती टाकून तो गुळगुळीत केला आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल झाला, अशी नोंद रादिश्चेव्हच्या तोस्ना प्रकरणात आहे. पुश्किनचा निवेदक नव्या रस्त्याचे कौतुक करतो; पण सांगतो की रस्तादुरुस्ती ही शेतकऱ्यावरची अत्यंत जाचक सक्ती आहे आणि तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. गव्हर्नरांनी रस्त्यांची काळजी कमी केली तर रस्ते सुधारतील, असा चिमटाही तो काढतो.

पुश्किनचा खरा हेतू कोणता, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. काहींच्या मते बंदी घातलेल्या पुस्तकाचे उतारे टीकेच्या आडून वाचकांपर्यंत पोहोचवण्याची ही युक्ती होती. काहींच्या मते प्रौढ पुश्किनला रादिश्चेव्हचा आवेश मनापासून पटत नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. १८३६ मध्ये त्याने रादिश्चेव्हवर लिहिलेला स्वतंत्र लेखही सेन्सॉरने अडवला, हे मात्र निश्चित. रादिश्चेव्हवर टीका करायलाही त्याचे नाव घ्यावे लागते आणि तेवढेही सत्तेला चालणार नव्हते. हर्झेनने १८५८ मध्ये लंडनहून हा ग्रंथ पुन्हा छापला. रशियात तो मोकळेपणाने छापला गेला १९०५ च्या सुमारास.

७. रस्ता सरकला, गावे मागे राहिली

१८५१ मध्ये दोन्ही राजधान्यांना जोडणारा लोहमार्ग सुरू झाला. चुदोवो, विश्नी वोलोचोक, त्वेर, क्लिन ही ठिकाणे त्यावर आली. नोवगोरोद, वाल्दाय आणि तोर्झोक मुख्य मार्गाबाहेर पडली. गाडीवानी आणि मुक्कामाची सराई यांवर जगणाऱ्या गावांचा कणाच मोडला. विसाव्या शतकात जुन्या डाकरस्त्याच्या वाटेने एम-१० महामार्ग झाला आणि रस्त्याकाठी पुन्हा खानावळी, दुकाने उभी राहिली. पुढे एम-११ हा पथकराचा द्रुतगती मार्ग झाला. तो गावांना वळसा घालून जातो.

रशियन भूगोल अभ्यासकांच्या एका गटाने रादिश्चेव्हच्या मार्गाने पुन्हा प्रवास करून २०१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच '२२२ वर्षांनंतर' असे शब्द आहेत. त्यांनी रस्त्यावर न थांबता बाजूची गावेही पाहिली. महानगरांजवळ दाट वस्ती आणि उन्हाळी घरे, तर दोन्ही शहरांपासून लांब, नोवगोरोद–त्वेर सीमेकडच्या पट्ट्यात ओस पडत चाललेली खेडी आणि झुडपांनी व्यापलेली शेते, असे चित्र त्यातून पुढे येते. दोन महाकाय शहरांच्या मध्ये असणे हे भाग्य वाटते. पण दोन्हीकडून माणसे ओढली गेली तर मधला भाग रिकामा होतो. रादिश्चेव्हच्या काळात शेतकऱ्याला गाव सोडण्याचा हक्क नव्हता. आज अनेक गावांत राहायला माणूस उरलेला नाही.

८. समारोप

रादिश्चेव्हचे पुस्तक सांख्यिकी अहवाल म्हणून वाचले तर ते अपुरे ठरते आणि कादंबरी म्हणून वाचले तर विस्कळीत. पण प्रवासातल्या सोयीची किंमत कोण मोजतो, हे विचारणारे लेखन म्हणून त्याची बरोबरी करणारी पुस्तके थोडी आहेत. घोडे कोणाचे, रस्ता कोणी बांधला, साखर कुठून आली, भाकरीत काय आहे, हे त्याचे प्रश्न. पुश्किनने त्यात आणखी एक भर घातली : हे सगळे आपण मोठ्या रस्त्यावर उभे राहून म्हणतो आहोत, याचे भान.

हे दोन ग्रंथ एकत्र वाचले म्हणजे प्रवासवर्णन तपासण्याची एक पद्धत हाती येते. लेखक कुठून पाहतो आहे, कोणत्या ऋतूत, किती वेळ थांबून, कोणाशी बोलून आणि कोणाच्या परवान्यावर, ही तपासणी विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या प्रवासलेखकावरही करून पाहावी. या तपासणीने लेखकाचे मोल कमी होत नाही. तो गाडीतून नेमका कुठे उतरला, हे तिच्यामुळे कळते.

स्वाध्याय

१. वाल्दाय परिसराची जमीन व हवामान यांचा तेथील शेतकऱ्यांच्या उपजीविकेशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. ल्युबानी आणि पेश्की या दृश्यांत रादिश्चेव्ह भावनेपेक्षा हिशेब व यादी यांचा वापर कसा करतो, ते सोदाहरण लिहा.
३. 'निदान मोठ्या रस्त्यांवर तरी' या पुश्किनच्या पुस्तीचे महत्त्व विशद करा.
४. टीका करणारा लेखक मूळ लेखकाचा साक्षीदार कसा ठरतो? मेद्नोये व विश्नी वोलोचोक यांच्या आधारे चर्चा करा.
५. आपल्या भागातून जाणाऱ्या एखाद्या महामार्गाकाठचे गाव आणि रस्त्यापासून आत असलेले गाव यांची प्रत्यक्ष पाहणी करून तुलनात्मक टिपण तयार करा.